पेटीवरचं गाव, बाटलीवरचं गाव

२००१ च्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं. धोरणाच्या नावात वाईन हा शब्द नव्हता, पण ते मुख्यतः वाईनसाठीच होतं. राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून राज्यातच वाईन करणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ झालं, परवान्याचे सोपस्कार कमी झाले, परवाना शुल्क उतरलं. निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला औद्योगिक विकास महामंडळाने वाईनसाठी खास वसाहती उभ्या केल्या. तोपर्यंत वाईनचा कारखाना काढू पाहणाऱ्याकडे सरकारदरबारी दारूच्या कारखानदारासारखंच पाहिलं जाई. धोरणाने पहिल्यांदा मान्य केलं की ही शेतमालावरची प्रक्रिया आहे आणि तिच्या मुळाशी बागायतदार आहे.

हा निर्णय सोपा नव्हता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता नाव बदलून महाराष्ट्राचा झाला असला तरी लागूच आहे, आणि त्याच्या काटेकोर अर्थाने पिणाऱ्याच्या खिशातही परवाना असावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत आजही पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपुरातली २०१५ ची बंदी २०२१ साली उठली. राज्यघटनेचं ४७ वं कलम सरकारला मद्यबंदीच्या दिशेने जायला सांगतं. म्हणजे एकाच मंत्रालयात एक विभाग वाईनला आवर घालायला बसलेला, आणि त्याच इमारतीत कृषी, पणन आणि उद्योग हे विभाग ती वाढावी म्हणून धडपडणारे. पुढच्या प्रकरणांत ज्या धरसोडीची हकीकत येते, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पण हे पुस्तक नुसतं वाईनचं नाही. देवगडचा हापूस, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, सांगलीचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, गोव्याची फेणी, अशा मालाचं ते आहे. या मालाच्या नावात गाव आहे. त्या गावासाठी गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजायला तयार होतं. अशा मालामागे सरकारने उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, एवढाच या पुस्तकाचा प्रश्न आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. अनुदान, करसवलत, औद्योगिक वसाहत, महोत्सव यांचा उपयोग उत्पादक उभा राहण्यापुरता होतो. खास मालाला जो जास्तीचा भाव मिळतो तो नावावरच्या विश्वासाचा असतो, आणि हा विश्वास एकटा शेतकरी कितीही प्रामाणिक असला तरी राखू शकत नाही. शेजारच्या राज्यातून आलेला आंबा देवगडच्या पेटीत भरला गेला, तर देवगडचा बागायतदार बाजारात जाऊन कुणाकुणाशी भांडणार? ही राखण सरकारलाच करावी लागते. आपण ती एकदा फार चांगली केली आहे. ती परदेशी गिऱ्हाइकासाठी केली, घरच्या गिऱ्हाइकासाठी केली नाही, ही माझी तक्रार आहे.

निर्यातीच्या द्राक्षांची ती गोष्ट म्हणूनच थोडी तपशिलाने सांगायला हवी. १९९१ साली राज्य कृषी पणन मंडळाच्या पाठिंब्याने सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली आणि आपली द्राक्षं युरोपात जाऊ लागली. द्राक्ष बागायतदार संघ तर १९६० पासूनच काम करत होता. वाण, खुंट, छाटणी यांचं ज्ञान गावोगाव पोहोचवण्यात त्याचा वाटा मोठा. मग २००३ साली नेदरलँड्समध्ये पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि साऱ्या निर्यातीवरच संशय आला. चूक काही बागांची, शिक्षा नाशिक-सांगलीच्या सगळ्यांना. त्या वेळी परदेशात शिष्टमंडळ पाठवून प्रकरण मिटवण्यावर सरकारला थांबता आलं असतं. तसं झालं नाही. केंद्राची कृषी निर्यात संस्था अपेडा, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्याचं कृषी खातं यांनी मिळून ग्रेपनेट ही व्यवस्था बसवली.

तिचं काम असं चालतं. निर्यात करू इच्छिणारा बागायतदार आपला प्लॉट दरवर्षी कृषी खात्याकडे नोंदवतो. कोणती फवारणी कधी केली याची वही ठेवतो. काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. पास झालेल्या मालाच्या पेटीवरचा क्रमांक वाचून रॉटरडॅममध्ये बसलेल्या माणसाला ही पेटी कोणत्या बागेची, कोणत्या पॅकहाऊसमधून निघालेली, ते शोधता येतं. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून परिपूर्ण नव्हती. २०१० साली सीसीसी या वाढनियंत्रकाचा अंश युरोपात सापडला. आपल्या तपासणीच्या यादीत तो नव्हताच. कंटेनर अडकले, शेतकरी कर्जात गेले. त्यानंतर यादी सुधारली. महत्त्वाचं असं, की धक्का बसल्यावर व्यवस्था मोडीत निघाली नाही, ती आणखी घट्ट झाली. ज्या बागायतदाराने हे सगळं केलं त्याला सरकारने फुकट काही दिलं नव्हतं. तो जे सांगतो ते खरं आहे, याला सरकारने साक्ष दिली. जास्तीचा भाव त्याने त्या साक्षीवर मिळवला.

आता त्याच निफाड-दिंडोरीच्या मातीतली वाईन पाहा.

नाशिकचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन, हिवाळ्यात रात्री चांगला गारवा. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि वर्षाचा एकच हंगाम असतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. खायच्या द्राक्षांत हे तंत्र आपल्या शेतकऱ्यांनी अनेक दशकं घोटलं होतं, त्यामुळे वाईनचे वाण आले तेव्हा हात तयार होते. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाईन करून ती परदेशात विकून दाखवली. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वाईनची द्राक्षं लावली; २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. २००१ चं धोरण आलं ते असं थोडं काम आधी झालेलं असताना. म्हणूनच ते इतक्या झटकन रुजलं. सरकारने नुसत्या कागदावर उद्योग काढायचं ठरवलं असतं तर विंचूरची वसाहत ओसाड पडली असती.

पुढच्या सात-आठ वर्षांत नाशिक, पुणे, सांगली या पट्ट्यात वायनरी भराभर उभ्या राहिल्या. बँकांनी कर्जं दिली. द्राक्ष बागायतदारांच्या घरची पुढची पिढी टाक्या, प्रेस, बाटल्या यांचे हिशोब करू लागली. कित्येकांनी थॉम्पसन हा खायच्या द्राक्षाचा वाण काढून शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ लावलं. इथे एक गोष्ट शहरातल्या वाचकाने समजून घ्यायला हवी. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं असतं. ते वायनरीने घेतलं नाही तर त्याला बाजार नाही. थॉम्पसनचं गणित निर्यातीत चुकलं तर माल मुंबईला जातो, तिथेही पडला तर बेदाणा करता येतो. शिराझ लावलेल्या शेतकऱ्याकडे असा दुसरा रस्ता नसतो. त्याने सगळा भार एका करारावर टाकलेला असतो.

२००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं आणि पर्यटन थंडावलं, आणि वाईनचा खप तिथेच जास्त होता. उत्पादन मात्र वाढलेलं. टाक्या भरलेल्या, नवा हंगाम दारात, बँकेचे हप्ते चालू. अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या किंवा मोठ्या कंपन्यांसाठी रस काढून देण्यावर आल्या. नारायणगावची चौगुले यांची ती पहिली मोठी कंपनीही कर्जाखाली गेली. ज्यांची द्राक्षं उचलली गेली नाहीत त्यांनी बागा तोडल्या. चार-पाच वर्षं जोपासलेला वेल मुळासकट उपटणं म्हणजे काय, ते द्राक्षाच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

धोरणाला या संकटाचा दोष द्यायचा का? मंदीचा दोष देता येणार नाही. पण धोरणाची सगळी सवलत कारखान्याच्या दाराशी थांबत होती, हा दोष त्याचाच होता. वायनरीला शुल्क माफ, वायनरीला जमीन, वायनरीला परवाना. बागायतदार आणि वायनरी यांच्यातला करार कसा असावा, भाव गोडीवर ठरावा की वजनावर, माल उचलला नाही तर नुकसान कुणाचं, यांत सरकारने लक्ष घातलं नाही. उसाला साखर कारखान्याशी बांधणारा कायदा आहे, दर ठरवण्याची पद्धत आहे. तिच्यात कितीही भांडणं असली तरी शेतकऱ्याला दाद मागायला जागा आहे. वाईनच्या द्राक्षाला तशी जागा कधीच मिळाली नाही. ज्या मदतीमुळे शेतकऱ्याची सौदा करण्याची ताकद वाढत नाही, तिला शेतीची मदत म्हणू नये असं मला वाटतं.

संकटातून उद्योग पुन्हा उभा राहिला यात सरकारचा वाटा नक्कीच आहे. महाराष्ट्रात वाईनवर २० टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि राज्यातल्या द्राक्षांपासून वाईन करणाऱ्याला त्यातले १६ टक्के परत देण्याची योजना राज्याने आणली. आज देशातली बहुतेक वाईन महाराष्ट्रात होते आणि सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली, त्यामागे या परताव्याचा आधार होता. पण परतावा म्हणजे आधी भरायचं आणि मग सरकारकडून मागायचं. मध्ये योजनेची मुदत संपली, थकबाकी साठली, आणि २०२४ च्या सुरुवातीला ती पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली. मोठी कंपनी एवढी वाट पाहू शकते, तिला बँक उभी करते. दोन-चार टाक्यांची घरगुती वायनरी चालवणाऱ्याचं खेळतं भांडवलच त्यात अडकतं. योजना दोघांना सारखीच लागू असली तरी तिचा उशीर दोघांना सारखा लागत नाही. सरकारी मदतीत रकमेइतकीच तारीख महत्त्वाची असते, आणि तारखेबद्दल फारच थोडं लिहिलं जातं.

जानेवारी २०२२ मधला निर्णय वाचकांना आठवत असेल. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने परवानगी दिली. वर्षाला ५,००० रुपये शुल्क, शाळा आणि देवळांपासून अंतर, दारूबंदीच्या जिल्ह्यांत मनाई, अशा अटी होत्या. अण्णा हजारे यांनी विरोध केला, विरोधी पक्षाने केला, अनेक महिला संघटनांनी केला. सरकारने हरकती मागवल्या, पुढे सरकारच बदललं, आणि निर्णय दुकानापर्यंत पोहोचला नाही.

त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. समर्थक म्हणत होते की हे शेतकऱ्यासाठी आहे. पण कपाटात बाटली गेली म्हणून द्राक्षाचा भाव किती आणि कसा वाढेल, हे कुणी सांगितलं नाही. विरोधक म्हणत होते की घरं उद्ध्वस्त होतील. ज्या बाईने नवऱ्याच्या दारूपायी मार खाल्ला आहे तिचं हे म्हणणं मी कधीही हलकं मानणार नाही. तिला उत्तर द्यायचं तर वाईन आणि दारू यांतला फरक व्याख्यान देऊन पटणार नाही. वाईनच्या विक्रीवर आलेल्या महसुलातून व्यसनमुक्तीसाठी काय केलं, गावच्या दारूबंदीच्या ठरावाची अंमलबजावणी किती झाली, हे दाखवावं लागेल. दारूबंदी खात्याचं काम नीट झालं असतं तर वाईनच्या धोरणालाही समाजाचा पाठिंबा मिळाला असता. मला तरी ही दोन कामं परस्परविरोधी वाटत नाहीत.

वाईनच्या नावाचं काय? ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाटलीवर ते क्वचित दिसतं. कुठली द्राक्षं, किती उतारा, कोणत्या शिवाराची, हे तपासून शिक्का देणारी यंत्रणा नाही, म्हणून तो शिक्का लावण्यात वायनरीला लाभही दिसत नाही. दुसऱ्या बाजूने परदेशी वाईन जवळ येते आहे. आयात वाईनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून ५ डॉलरवरच्या बाटलीवर ते १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येईल. १५ डॉलरवरच्या बाटलीवर ७५ वरून २५ पर्यंत उतरेल. शुल्काची भिंत उतरत जाणार हे आता ठरलं आहे. ती उतरल्यावर नाशिकच्या बाटलीकडे सांगायला काय उरेल? तिचं गाव उरेल, आणि ते खरं असल्याचा पुरावा.

फ्रान्सचं उदाहरण अशा चर्चेत नेहमी येतं, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी येतं. तिथली माती, तिथली परंपरा, तिथली चव असं सगळं बोललं जातं. मला त्यांची भांडणं जास्त शिकण्यासारखी वाटतात. १९११ साली शॅम्पेन प्रांतातल्या द्राक्ष उत्पादकांनी दंगल केली, कारण व्यापारी बाहेरच्या प्रांतांतली स्वस्त द्राक्षं आणून त्यांची वाईन शॅम्पेन म्हणून विकत होते. कुठली गावं शॅम्पेनमध्ये धरायची यावरून त्यांच्यातच हाणामारी झाली. अशा कटकटींतून १९३५ साली नावांचं नियंत्रण करणारी राष्ट्रीय समिती आली: सीमा कुठली, वाण कोणते, एकरी उतारा किती, आणि हे तपासणार कोण. त्यांची वाईन आपल्या किती तरी आधीपासून नामांकित होती. नाव राखायला मात्र त्यांनाही कायदा आणि निरीक्षक लागले. वाशीच्या बाजारात देवगडचा बागायतदार आज जे बघतो तेच शॅम्पेनच्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी बघितलं होतं.

आपला भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ रोजी लागू झाला आणि त्याची नोंदणी चेन्नईला होते. महाराष्ट्राने या कायद्याचा उत्साहाने फायदा घेतला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नाशिकची द्राक्षं, कोल्हापूरचा गूळ, नागपूरची संत्री यांच्या पाठोपाठ २०१६ च्या सुमारास तर मानांकनांची रीघच लागली: आजरा घनसाळ, मंगळवेढा ज्वारी, वेंगुर्ल्याचा काजू, सांगलीचा बेदाणा, लासलगावचा कांदा, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, पुरंदरचं अंजीर, घोलवडचा चिकू, नवापूरची तूरडाळ. ही नावं मिळवण्यामागे कृषी विद्यापीठांची, पणन मंडळाची आणि गावोगावच्या उत्पादक संघांची खरी मेहनत आहे. जुने दस्तऐवज शोधणं, सीमांचे नकाशे, चवीचं आणि मातीचं शास्त्रीय वर्णन, ही कामं वर्षानुवर्षं चालली. त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, म्हणूनच पुढे जे झालं नाही त्याचं दुःख जास्त आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला आंबाच या नावाने विकता येतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था त्याच्या मालक. नाव वापरायचं तर प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करायची. कोकणातल्या बागायतदारांच्या संख्येच्या मानाने अशी नोंद केलेले थोडे आहेत. दरम्यान जुन्नरकडून शिवनेरी हापूस आणि गुजरातेतून वलसाड हापूस अशा नावांच्या मागण्या पुढे आल्या, आणि कोकणातून त्यांना विरोध झाला.

खोटं नाव लावणाऱ्याला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. वाचायला कडक वाटतं. पण झडती आणि जप्ती करायची तर ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायची, आणि त्याआधी निबंधकाचं मत घ्यायचं. पिकायला लागलेली आंब्याची पेटी आठवड्याच्या आत विकली जाते, खाल्ली जाते, कोयही फेकली जाते. चादर किंवा पैठणीसाठी ही तरतूद एक वेळ चालेल. नासणाऱ्या शेतमालासाठी ती निरुपयोगी आहे. बाजार समितीच्या गाळ्यावर पेटी उघडून तिथल्या तिथे निर्णय देऊ शकेल असा अधिकारी या कायद्यात कुठेच नाही. बाजार समितीच्या नियमात तो बसवता येईल आणि अन्नसुरक्षेच्या लेबल नियमातही. कायदा बदलायची वाट पाहावी लागणार नाही.

देवगड तालुक्यातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचं सील लावायला सुरुवात केली. कुठल्या झाडाचा नाही तरी कुठल्या बागायतदाराचा आंबा, हे गिऱ्हाइकाला पडताळता येतं. ग्रेपनेटने युरोपसाठी जे केलं, तेच हे शेतकरी मुंबई-पुण्यासाठी आपल्या हिमतीवर करू पाहत आहेत. या प्रयोगाला सरकारने काय दिलं तर तो टिकेल? माझ्या मते सीलच्या खर्चातला वाटा, बागांच्या नोंदी सातबाराशी आणि झाडांच्या संख्येशी ताडून पाहणारा कृषी सहायक, आणि बाजारात तपासणी. बागेत शंभर कलमं असतील तर तेवढ्या कलमांच्या फळांहून जास्त सील त्या नावावर सुटता कामा नये. हे गणित गावातला माणूसच करू शकतो.

गोव्याची हकीकत वेगळी आहे, आणि आपल्यापेक्षा धीट. काजूच्या फेणीला २००९ साली मानांकन मिळालं. पण उत्पादन शुल्काच्या कायद्यात ती देशी दारूच्या वर्गातच राहिली, आणि त्या वर्गामुळे गोव्याबाहेर तिचा रस्ता बंद होता. ज्या पेयाचं नाव देशाने जपायचं ठरवलं, तेच दुसऱ्या कायद्याने कमी प्रतीचं ठरवलेलं. २०१६ साली गोव्याने कायद्यात दुरुस्ती करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणलं. झाडावरून आपोआप गळून पडलेलं बोंडूच गोळा करायचं, कोळंबी नावाच्या कुंडात तुडवून रस काढायचा, आंबवून भाटीवर आधी उर्राक आणि मग फेणी गाळायची, या कामाला त्यामुळे सरकारी कागदावर प्रतिष्ठा मिळाली. बाटलीबंद फेणी विकणारे पुढे गेले. रानातल्या भाटीवर बसणाऱ्या माणसापर्यंत किती पोहोचलं याचा शोध या पुस्तकातल्या गोव्याच्या प्रकरणात घेतला आहे, आणि मला ते प्रकरण सगळ्यांत मोलाचं वाटलं.

फेणीचा विषय निघाला की मोहाचा निघाल्याशिवाय राहत नाही. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी घरांत मोहफूल हे अन्न आहे, औषध आहे, देवाला वाहायची वस्तू आहे, आणि त्याची गाळलेली दारू जन्म-लग्न-मरणाच्या विधींत आहे. मध्य प्रदेशाने तिला वारसा मद्य म्हणून मान्यता देऊन आदिवासी गटांना ती करण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्रात मोहाच्या भट्टीवर आजही पोलिसांची धाड पडते. नाशिकच्या द्राक्षाला शेतमाल म्हणायचं आणि मोहाच्या फुलाला गुन्ह्याचा मुद्देमाल, हे मला न्यायाचं वाटत नाही. गडचिरोलीतल्या दारूबंदीमागे तिथल्याच स्त्रियांचा लढा आहे, हे मी विसरत नाही. निर्णय त्यांना विचारूनच व्हायला हवा. पण त्यांना विचारलं तरी जावं.

बाकीच्या मालाबद्दल प्रस्तावनेत फार लिहीत नाही. गुळाची अडचण भेसळीची आहे, ज्वारीची उताऱ्याची. घनसाळसारख्या सुगंधी तांदळाचं क्षेत्रच लहान, त्यामुळे त्याला मोठा बाजार नकोच, खात्रीचा छोटा बाजार हवा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२० पासून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. बचत गटांनी आणि छोट्या उद्योजकांनी त्यातून गिरण्या, पॅकिंगची यंत्रं घेतली आहेत. पणन मंडळाचे आंबा महोत्सव शेतकऱ्याला थेट गिऱ्हाइकासमोर बसवतात, आणि त्याने दलालीची बचत होते. या मदतीचा उपयोग आहे. तिच्यावर थांबू नये, इतकंच.

एका निकडीच्या गोष्टीकडे मात्र आत्ताच लक्ष वेधायला हवं. भौगोलिक मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते. २०१६ च्या सुमारास ज्या डझन-दोन डझन नावांची नोंद झाली, त्यांच्या नूतनीकरणाचा काळ हाच आहे. शुल्क भरून मुदत वाढवून घेणं सोपं आहे, आणि ते झालंही पाहिजे, नाव सुटता कामा नये. पण त्याच वेळी प्रत्येक नावाच्या मालक संस्थेकडून राज्याने काही उत्तरं लेखी मागावीत: आज अधिकृत वापरकर्ते किती, गेल्या हंगामात या नावाने किती माल विकला, तो कुणी तपासला, खोट्या नावाच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, नाव मिळाल्यापासून उत्पादकाच्या हातात पडणारा भाव साध्या मालापेक्षा किती वर गेला. पुढच्या पानांत ज्या तालुक्यांची माहिती आहे, तिथल्या लोकांशी बोलून ही उत्तरं जमवण्याचा प्रयत्न झाला आहे. काही ठिकाणी चांगली वही मिळाली, काही ठिकाणी नुसतं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. ही प्रश्नांची यादी आता तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर असायला हवी, आणि बाजार समितीच्या फाटकावरही.